विल्यम पॉवेल फ्रिथ, गर्दीचा चित्रकार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्याच्या संग्रहालयात एका इंग्रज चित्रकाराची पाच चित्रं आहेत आणि ती एकाच गोष्टीचे पाच अंक आहेत, हे कळल्यापासून मी फ्रिथच्या मागे लागलो. तेव्हापासून ओळखीच्या मंडळींना त्याच्याविषयी सांगत आलो आहे. प्रश्न साधारण तेच येतात, म्हणून इथे एकत्र लिहून ठेवतो.

हा फ्रिथ नेमका कोण?

विल्यम पॉवेल फ्रिथ हा व्हिक्टोरिया राणीच्या काळातला इंग्रज चित्रकार. जन्म ९ जानेवारी १८१९ रोजी, यॉर्कशरमधल्या रिपनजवळच्या ऑल्डफील्ड गावी. मृत्यू २ नोव्हेंबर १९०९ रोजी, लंडनमध्ये. राणीचा जन्मही १८१९चाच, त्यामुळे तो काळ त्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला. राणी गेल्यावर आणखी आठ वर्षं तो होता. समुद्रकाठी सहलीला आलेले लोक, घोड्यांच्या शर्यतीला लोटलेली गर्दी, गाडी सुटण्याआधीचा फलाट हे त्याचे विषय. त्याच्या हयातीत इंग्लंडमध्ये इतका लोकप्रिय चित्रकार क्वचितच दुसरा कोणी असेल.

जॉनर पेंटिंग म्हणजे काय?

रोजच्या जगण्यातल्या प्रसंगांचं चित्र. त्यात देवदेवता नसतात, राजांच्या लढाया नसतात, मोठ्या माणसाचं ऐटीत बसवून काढलेलं व्यक्तिचित्रही नसतं. मराठीत आपण प्रसंगचित्र म्हणतो ते जवळचं आहे. फक्त इथला प्रसंग इतिहासातला नसतो, शेजारच्या घरातला असतो. डच चित्रकारांनी सतराव्या शतकात हा प्रकार मोठा केला. इंग्लंडमध्ये हॉगार्थ आणि नंतर विल्की यांनी त्याला आपलं वळण दिलं. फ्रिथ याच परंपरेतला. पण त्याच्या आधीचे बहुतेक चित्रकार एका खोलीत, चारपाच माणसांत गोष्ट सांगत. फ्रिथने ती खोली उघडून सगळा गाव आत घेतला.

चित्रकार होणं हे त्याचं लहानपणापासूनचं स्वप्न होतं का?

उलट होतं. स्वप्न वडिलांचं होतं. ते आधी एका मोठ्या इस्टेटीवर नोकरीला होते आणि पुढे हॅरोगेटला त्यांनी ड्रॅगन नावाचं हॉटेल चालवलं. मुलाने लहानपणी एका कुत्र्याच्या छापील चित्राची नक्कल केली, ती पाहून घरच्यांना वाटलं की पोरात काहीतरी आहे. मुलाला स्वतःला लिलाव पुकारणारा व्हायचं होतं. १८३५ साली वडील त्याला लंडनला घेऊन गेले. चित्रशाळेने नाकारलं तर लिलावाचा धंदा, असं ठरलं होतं. शाळेने घेतलं.

पुढे आयुष्यभर त्याने पैशाचा हिशेब उघडपणे केला, त्याची मुळं मला या सुरुवातीत दिसतात. चित्रकला त्याच्याकडे एक इमानाने करायचा धंदा म्हणूनच आली. प्रेम बसलं ते काम करता करता.

त्याचं शिक्षण कुठे झालं?

ब्लूम्सबरीत हेन्री सास यांची चित्रशाळा होती, तिथे. शिस्त कडक. प्लॅस्टरचा पांढरा गोळा समोर ठेवायचा आणि त्याची छाया-प्रकाशाची बारीक रेखाटणं आठवडेच्या आठवडे करत बसायचं. १८३७ साली तो रॉयल अकॅडमी या चित्रकारांच्या मानाच्या संस्थेच्या शाळेत गेला. वडील त्याच वर्षी वारले.

तिथे तरुण चित्रकारांचा एक कंपू जमला. ते स्वतःला 'द क्लीक' म्हणत. ऑगस्टस एग, हेन्री ओनील, जॉन फिलिप, रिचर्ड डॅड हे त्यातले. ठरावीक संध्याकाळी सगळे एकाच विषयावर रेखाटन करत आणि मग एकमेकांच्या कामावर बोलत. त्यांतला डॅड सगळ्यांत गुणी मानला जाई. १८४३ साली वेडाच्या भरात त्याने स्वतःच्या वडिलांचा खून केला आणि उरलेलं आयुष्य मनोरुग्णांच्या कोठडीत, चित्रं काढत काढलं.

प्रसिद्ध होण्याआधी तो काय रंगवत असे?

पुस्तकांतले प्रसंग. शेक्सपियर, गोल्डस्मिथ, मोलिएर यांच्या पात्रांना तो जुन्या काळचे पोशाख चढवून उभं करी, आणि ही चित्रं विकली जात. १८४०च्या सुमारास तो अकॅडमीच्या प्रदर्शनात दिसू लागला, १८४५ला सहसभासद आणि १८५३ला पूर्ण सभासद झाला.

या काळातली एक गोष्ट मला फार आवडते. डिकन्सच्या कादंबरीतली डॉली वार्डन ही कुलुपं बनवणाऱ्या कारागिराची अवखळ पोरगी फ्रिथने रंगवली होती. ती डिकन्सच्या नजरेस पडली आणि १८४२ साली त्याने स्वतः पत्र लिहून दोन छोटी चित्रं मागवली. त्यांचे चाळीस पौंड मिळाले. तेविशीतल्या पोराला डिकन्सचं पत्र! तो स्नेह टिकला. १८५९ साली फ्रिथने डिकन्सचं व्यक्तिचित्र केलं, ते लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. मेजाशी बसलेला तो लेखक दमलेला आणि थोडा त्रासलेला दिसतो.

तरी फ्रिथला जुन्या पोशाखांचा कंटाळा येत चालला होता. आजूबाजूची माणसं रंगवायची होती, पण उंच काळ्या हॅटा आणि घेरदार झगे चित्रात शोभत नाहीत असं तेव्हाचं सर्वसाधारण मत होतं.

मग आजूबाजूची माणसं रंगवायला त्याने सुरुवात कधी केली?

१८५१च्या उन्हाळ्यात. कुटुंबाला घेऊन तो रॅम्सगेटला समुद्रकाठी गेला होता. वाळूत खुर्च्या टाकून बसलेल्या बायका, पेपर वाचणारे म्हातारे, पाण्यात पाय बुडवणारी पोरं, खेळ करणारे फिरस्ते हे सगळं पाहून त्याला वाटलं, चित्र तर समोरच मांडलेलं आहे. रंगवायला जवळपास तीन वर्षं गेली. सोबतच्या काही चित्रकारांनी नाकं मुरडली, हा विषयच गावंढळ आहे म्हणाले.

१८५४ साली ते अकॅडमीत लागलं आणि खुद्द व्हिक्टोरिया राणीने घेतलं. एका व्यापाऱ्याने ते आधीच हजार गिनींना (एक गिनी म्हणजे एक पौंड एक शिलिंग) विकत घेतलं होतं. त्याने राणीला तेवढ्याच किमतीत दिलं आणि छापे काढण्याचा हक्क मात्र स्वतःकडे ठेवला. व्यापारी भोळा नव्हता, खरा पैसा कशात आहे हे त्याला कळलं होतं.

या चित्रात बघणाऱ्याची जागा मोठी मजेशीर आहे. आपण समुद्रात उभे आहोत आणि किनाऱ्यावरचे लोक आपल्याकडे तोंड करून बसले आहेत. उजव्या कडेला एका माणसाच्या खांद्यामागून फ्रिथ स्वतः डोकावतो आहे.

'डर्बी डे' एवढं का गाजलं?

एप्सम गावी होणारी डर्बी ही घोड्यांची शर्यत म्हणजे त्या काळात अर्ध्या लंडनची जत्रा. फ्रिथ तिथे १८५६ साली गेला. घोड्यांत त्याला विशेष रस वाटला नाही, माणसांत वाटला. चित्रातही घोडे मागे कुठेतरी आहेत, पुढे जत्रा आहे.

मध्यभागी पांढऱ्या कपड्यांतला डोंबाऱ्याचा पोर. बापाने हात पसरले आहेत, पोराने उडी मारून खेळ सुरू करायचा आहे. पण पोराचं लक्ष नाही. शेजारी एका श्रीमंत घरचा नोकर गवतावर चादर अंथरून खाणं मांडतो आहे आणि पोर त्या खाण्याकडे बघतं आहे. हे चित्र मी पहिल्यांदा पाहिलं ते पुस्तकातल्या पोस्टकार्डाएवढ्या छापात, आणि तेव्हाही माझी नजर या पोराच्या मानेवरून हलली नाही. भुकेलं मूल कामावर असताना मान कशी वळवतं, ते फ्रिथने नेमकं पकडलं आहे.

डावीकडे हातचलाखीचा जुगार मांडला आहे. वाटीखाली दाणा कुठे ते ओळखा, हा खेळ. सदऱ्यातला एक शेतकरी पैसे लावायच्या बेतात आहे आणि बायको त्याला मागे ओढते आहे. जवळच एक शहरी तरुण दोन्ही हात रिकाम्या खिशांत घालून सुन्न उभा. घड्याळही गेलं आहे. उजवीकडे उघड्या बग्गीत एक उंची कपड्यांतली तरुणी बसली आहे. तिचा यजमान बग्गीला टेकून उभा आहे, पण तिच्याकडे पाठ करून. ती ठेवलेली बाई आहे, हे तेव्हाच्या प्रेक्षकाला सांगावं लागत नसे. त्या माणसासमोर एक अनवाणी मुलगी फुलं विकायला आली आहे. फ्रिथने या दोघींना इतकं जवळ आणलं आहे की एकीचं पुढे काय होईल आणि दुसरीचं आधी काय झालं असेल, याचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

जेकब बेल नावाच्या औषधव्यावसायिकाने दीड हजार पौंडांना हे चित्र आधीच बोलून ठेवलं होतं. गँबार्ट या व्यापाऱ्याने केवळ छापे काढण्याच्या हक्कासाठी आणखी दीड हजार दिले. फ्रिथने त्यावर पंधरा महिने मान मोडून काम केलं. १८५८ साली अकॅडमीत लागलं तेव्हा लोक इतके जवळ जाऊन, बोटं दाखवत बघू लागले की बेलला चित्राची काळजी वाटली. शेवटी पोलीस उभा केला आणि पुढे कठडा घातला. त्याआधी असा कठडा लागला होता तो १८२२ साली, विल्कीच्या चित्राला. बेलने मृत्यूनंतर चित्र राष्ट्राला दिलं. आज ते लंडनच्या टेटमध्ये आहे.

एवढी माणसं तो कशी रंगवत असे? फोटोवरून?

फोटोची मदत घेतली, हे खरं. १८५६च्या डर्बीला रॉबर्ट हॉलेट या छायाचित्रकाराने एका घोडागाडीच्या टपावरून गर्दीचे फोटो काढले ते फ्रिथसाठीच. पण त्या काळच्या फोटोत हलणारी माणसं पुसट येत. त्यावरून गर्दीची दाटी कळे, चेहरे कळत नसत.

चेहऱ्यांसाठी तो जिवंत माणसं बसवत असे. एकेका आकृतीसाठी वेगळं माणूस: मित्र, नातलग, स्वतःच्या मुली, पैसे देऊन आणलेली माणसं. डोंबाऱ्याची जोडी त्याने ड्ररी लेन नाट्यगृहातल्या एका खेळातून आणली आणि ते पोर त्याच्या चित्रशाळेत कोलांट्या मारत सुटलं. घोड्यांसाठी जे. एफ. हेरिंग या घोडे रंगवणाऱ्या मुरब्बी चित्रकाराची मदत घेतली. आधी लहान रेखाटनं, मग पूर्ण चित्राचा छोटा रंगीत आराखडा, मग मोठा कॅनव्हास, असा त्याचा क्रम होता.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. चेहऱ्यावरून माणसाचा स्वभाव आणि समाजातली पायरी ओळखता येते, असं तेव्हाच्या लोकांना मनापासून वाटे. नाक, कपाळ, हनुवटी यांचं एक शास्त्रच मानलं जाई. आज ते आपल्याला पटत नाही, त्यातला काही भाग तर घातकच ठरला. पण फ्रिथचा प्रेक्षक चित्रापुढे उभा राहून हा गुन्हेगार, हा खेड्यातला, ही कुलीन अशी माणसं 'वाचत' होता, आणि फ्रिथ त्या वाचकासाठी लिहावं तसं रंगवत होता.

'रेल्वे स्टेशन' कुठल्या स्टेशनाचं आहे? त्यात काय चाललंय?

लंडनचं पॅडिंग्टन. ब्रुनेल या अभियंत्याने उभारलेलं, लोखंडी कमानींचं आणि काचेच्या छताचं. छताचं अवघड काम फ्रिथने विल्यम स्कॉट मॉर्टन या जाणकाराकडून करून घेतलं. आपल्याकडे बोरीबंदर ते ठाणे गाडी १८५३ला धावली. पॅडिंग्टनचं हे नवं स्टेशन १८५४चं. म्हणजे फलाटावरचा निरोप हा अनुभव दोन्हीकडच्या लोकांना तेव्हा नवाच होता.

चित्राची गोष्ट अशी, की गाडी सुटायला काही मिनिटं उरली आहेत. मध्याजवळ एक आई शाळेच्या वसतिगृहात निघालेल्या धाकट्या मुलाचा मुका घेते आहे, बाप थोरल्यासोबत उभा आहे. हे फ्रिथचंच कुटुंब. एक परदेशी गृहस्थ भाड्यावरून गाडीवानाशी हुज्जत घालतो आहे, त्यासाठी फ्रिथच्या मुलींना इटालियन शिकवणारे मास्तर बसले होते. एका नवरीला तिच्या करवल्या निरोप देत आहेत, एक सैनिक तान्ह्या बाळाला उचलून घेतो आहे. आणि अगदी उजवीकडे, डब्याच्या पायरीवर एक पाय ठेवलेल्या माणसाच्या खांद्यावर हात पडला आहे. दुसऱ्याच्या हातात बेड्या. हे दोघे हेडन आणि ब्रेट, लंडनचे खरेखुरे, तेव्हा नावाजलेले गुप्त पोलीस. आत बसलेल्या बायकोच्या चेहऱ्याकडे जरूर बघा.

सगळी ओढ डावीकडून उजवीकडे आहे: हमाल, सामान, धावपळ. ती जाऊन आदळते ती या अटकेवर. सगळे निघाले आहेत आणि एकटा अडकला आहे. रचनेच्या दृष्टीने फ्रिथचं सर्वांत हुशार काम हेच, असं माझं मत आहे.

व्यवहारही तितकाच धाडसाचा. लुई व्हिक्टर फ्लॅटो या व्यापाऱ्याने चित्र, कच्चा आराखडा आणि छापण्याचा हक्क मिळून ४,५०० पौंड दिले. चित्र अकॅडमीत न लावता आपल्यालाच स्वतंत्रपणे दाखवू द्यावं, यासाठी वर ७५० दिले. १८६२ साली हेमार्केटमध्ये एक शिलिंग तिकीट लावून प्रदर्शन भरलं आणि सात आठवड्यांत २१,१५० लोकांनी ते पाहिलं. फ्लॅटो स्वतःही चित्रात आहे, मागे इंजिन ड्रायव्हरशी गप्पा मारताना.

एका चित्रातून एवढा पैसा कसा निघायचा?

छाप्यांतून. मूळ चित्र एकाच्या घरी जाई, पण त्यावरून धातूच्या पत्र्यावर कोरून काढलेले छापे हजारोंच्या बैठकीत लागत. राजा रविवर्मांच्या छापखान्याने लक्ष्मी-सरस्वती आपल्या घराघरांत नेल्या, ते आठवलं की हे लगेच कळतं. फ्रिथचा जम बसत होता नेमका तेव्हाच हा धंदा इंग्लंडमध्ये भरात होता, आणि १८६२च्या कायद्याने चित्रकारांच्या हक्काला स्पष्ट आधारही मिळाला. मजकडे मोठा कॅनव्हास घ्यायला पैसे नाहीत, पण मला ही गर्दी घरी हवी आहे, असं म्हणणारा मध्यमवर्ग हा फ्रिथचा खरा आश्रयदाता होता.

राजघराण्यासाठी त्याने काय केलं?

१८६३ साली युवराजाचं, म्हणजे पुढच्या सातव्या एडवर्डचं, विंडसरला लग्न झालं. ते चित्र राणीने फ्रिथकडून करून घेतलं, तीन हजार पौंडांना. बड्या लोकांना बसायला वेळ नसे, पोशाख वेळेवर मिळत नसत. फ्रिथ अगदी मेटाकुटीला आला.

त्याहून मोठं नुकसान वेगळंच. गँबार्टने त्याला सकाळ, दुपार आणि रात्र अशा लंडनच्या रस्त्यांच्या तीन मोठ्या चित्रांसाठी दहा हजार पौंड देऊ केले होते. राजाज्ञेपुढे ते काम मागे पडलं ते कायमचंच. आराखडे तेवढे उरले. ती तीन चित्रं झाली असती तर, ही हळहळ मला आजही वाटते. लग्नाचे सोहळे रंगवणारे पुष्कळ होते, लंडनचा रस्ता असा रंगवणारा तो एकटाच होता.

त्याचं कौटुंबिक आयुष्य कसं होतं?

इथे सरळ बोलायला हवं. १८४५ साली त्याचं इझाबेला बेकर हिच्याशी लग्न झालं, त्यांना बारा मुलं झाली. त्याच काळात घरापासून जेमतेम मैलभरावर त्याचा दुसरा संसार होता, मेरी आल्फर्ड हिच्याबरोबर. ती आधी त्याच्या पालकत्वाखाली असलेली मुलगी. तिच्यापासून सात मुलं. इझाबेला १८८० साली वारली आणि पुढच्याच वर्षी त्याने मेरीशी लग्न केलं. बाहेरगावी गेलो आहे असं कळवणारं पत्र तो घराजवळच्याच पेटीत टाकत असताना इझाबेलाने पाहिलं, अशी गोष्ट सांगतात.

'रेल्वे स्टेशन'मधला तो जबाबदार बाप आणि हा माणूस एकच. हे कळल्यावर चित्र खोटं ठरतं असं मला वाटत नाही, पण त्यातल्या आईच्या चेहऱ्याकडे मी आता निराळ्या नजरेने बघतो. आणि डर्बीच्या बग्गीतली ती एकटी बाई रंगवताना त्याच्या मनात काय चाललं असेल, हा विचार येतोच.

त्याची मुलगी जेन एलन पँटन ही पुढे लेखिका झाली. घर कसं सजवावं, संसार कसा चालवावा यावर ती लिहीत असे आणि तो विषय तेव्हा खूप वाचला जाई.

बडोद्यात फ्रिथची चित्रं आहेत, हे खरं का?

खरं आहे, आणि मराठी वाचकाने ते माहीत करून घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

१८७०नंतर फ्रिथ हॉगार्थच्या वाटेने चित्रमालिकांकडे वळला. एका चित्रात गोष्ट मावेना, म्हणून मालिका. १८७८ साली पाच चित्रांत त्याने एका सरदारपुत्राची जुगारापायी झालेली धूळधाण दाखवली. कॉलेजच्या खोलीतल्या पत्त्यांपासून सुरुवात होते आणि शेवटी पोटमाळ्यावरच्या खोलीत तो दाराला कडी लावतो, मेजावर पिस्तूल आहे. तिच्यापुढेही कठडा लागला.

१८८० साली दुसरी मालिका आली, 'द रेस फॉर वेल्थ', श्रीमंतीची शर्यत. हीसुद्धा पाच चित्रांची, आणि हीच बडोद्यात आहे. पहिल्यात खोट्या खाणीच्या कंपनीचा प्रवर्तक आपल्या कचेरीत बसला आहे आणि भोवती गुंतवणूक करायला आलेले लोक: एक पाद्री, एक बाई, साधी माणसं. फ्रिथने त्याला कोळी म्हटलं आहे आणि त्यांना माश्या. दुसऱ्यात कोळी आपल्या घरी, मेजवानीच्या थाटात, पाहुण्यांना चित्र दाखवत. तिसऱ्यात पाद्र्याच्या घरी न्याहारीच्या मेजावर बातमी येते की कंपनी बुडाली. चौथ्यात न्यायालय, आरोपीच्या पिंजऱ्यात कोळी. पाचव्यात मिलबँक तुरुंगाचं आवार, कैदी गोल फिरत आहेत आणि त्यांत तो.

मला तिसरं चित्र सगळ्यांत जवळचं वाटतं. ठेवी बुडालेल्या घरात सकाळी चहा कसा थंड होतो, हे आपल्याकडेही पुष्कळांनी पाहिलं आहे. पतपेढ्या, भिशी, दामदुपटीच्या योजना असं नाव बदलतं, पण मेजाभोवती बसलेली माणसं तीच असतात. या घरात कोणी आक्रोश करत नाही. सगळे नुसते थबकले आहेत.

आता ती बडोद्याला आली कशी? नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे, १८७५ साली दत्तक जाऊन बडोद्याच्या गादीवर बसलेले महाराजा सयाजीराव गायकवाड तिसरे यांनी आपल्या प्रजेला जगातली कला पाहता यावी म्हणून संग्रहालय उभारलं. त्याला जोडून चित्रवीथी बांधली आणि तिच्यासाठी युरोपातली चित्रं मिळवायला मॅरियन स्पीलमन या इंग्रज कलासमीक्षकाची मदत घेतली. इमारत १९१४ला पूर्ण झाली, पण महायुद्धामुळे चित्रं इंग्लंडातच अडकली, त्यामुळे वीथी उघडली १९२१ साली. कमाटीबागेत, म्हणजे सयाजीबागेत, ती आजही आहे. प्रदर्शनातली मांडणी बदलत असते, तेव्हा जाण्याआधी चौकशी केलेली बरी.

व्हिसलरच्या खटल्याशी त्याचा काय संबंध?

रस्किन या कलासमीक्षकाने व्हिसलर या चित्रकाराच्या एका चित्रावर जहरी टीका केली, व्हिसलरने अब्रुनुकसानीचा दावा लावला. १८७८ साली तो चालला. रस्किनच्या बाजूने साक्षीला फ्रिथलाही बोलावलं. व्हिसलरचं ते रात्रीचं, आतषबाजीचं चित्र गंभीर कलाकृती नाही आणि दोनशे गिनींच्या लायकीचं नाही, असं त्याने सांगितलं. व्हिसलर जिंकला, पण भरपाई मिळाली फक्त एक फार्दिंग, म्हणजे पैशापाण्याच्या दृष्टीने काहीच नाही.

फ्रिथ इथे चुकला, असं मला वाटतं. ज्याच्या स्वतःच्या विषयांना कधीकाळी गावंढळ म्हटलं होतं, त्याने दुसऱ्याच्या नव्या वाटेला थोडी जागा द्यायला हवी होती.

ऑस्कर वाइल्ड त्याच्या चित्रात आहे म्हणतात, ते कुठलं?

अकॅडमीच्या १८८१च्या प्रदर्शनाचा पहिला, निमंत्रितांसाठीचा दिवस त्याने रंगवला. चित्र १८८३ साली लागलं. उजवीकडे वाइल्ड, कोटाला फूल लावून, भोवती चाहते. डावीकडे कादंबरीकार ट्रोलोप टिपणं करतो आहे. ग्लॅडस्टन, ब्राउनिंग, एलन टेरी, हेन्री आयर्विंग असे त्या काळचे किती चेहरे त्यात आहेत! वाइल्ड आणि त्याच्या सौंदर्यवादी मंडळींवर फ्रिथचा रोष होता. पण दीडशे वर्षांनी आपण हे चित्र बघतो ते बरंचसं वाइल्डमुळेच.

साबणाच्या जाहिरातीचा किस्सा काय आहे?

१८८९ साली त्याने नव्या झग्याचं कौतुक दाखवणारी एक लहान मुलगी रंगवली. साबणाचे कारखानदार लीव्हर यांनी ते चित्र विकत घेऊन 'सनलाइट'च्या जाहिरातीला लावलं, वर स्वच्छतेची ओळ टाकून. फ्रिथला ते आवडलं नाही आणि त्याने तसं बोलून दाखवलं. सनलाइटची पिवळी वडी आपल्या आज्यांच्या मोरीतही होती. तेच चित्र आज पोर्ट सनलाइटच्या लेडी लीव्हर गॅलरीत आहे.

एवढा मोठा होता, तर मग विसरला का गेला?

चित्रकलेकडून लोकांची अपेक्षाच बदलली. गोष्ट सांगणं हे साहित्याचं काम, चित्राने रंग आणि आकार यांतून बोलावं, हा विचार पुढे आला. क्लाइव्ह बेल या समीक्षकाने १९१४ साली नेमकं 'रेल्वे स्टेशन'च उदाहरणाला घेतलं आणि म्हटलं की हे रंजक आहे, माहितीपूर्ण आहे, पण कला नव्हे. हा शिक्का फार वर्षं टिकला.

बेलचं म्हणणं मी समजू शकतो. फ्रिथचा रंग साधा आहे, हात नेटका आहे, पण थरारणारा नाही. उत्तरायुष्यातली बरीच चित्रं त्याने जुन्या यशाच्या नकला म्हणून काढली, हेही खरंच. पण डोंबाऱ्याच्या पोराची ती वळलेली मान केवळ माहिती आहे असं म्हणणाऱ्याने ती नीट पाहिलेली नाही. १९५१ला आणि पुन्हा २००६-०७ला, लंडन आणि हॅरोगेटमध्ये, मोठी प्रदर्शनं झाली. तेव्हापासून लोक त्याच्याकडे पुन्हा बघू लागले आहेत.

त्याने आत्मचरित्र लिहिलं आहे का?

हो. १८८७ आणि १८८८ साली आठवणींचे खंड आले. गप्पिष्ट, वाचनीय, कुठल्या चित्राला किती मिळाले हे बिनदिक्कत सांगणारे. दुसऱ्या संसाराचा मात्र उल्लेख नाही.

चित्रं कुठे पाहायला मिळतील, आणि बघावीत कशी?

'डर्बी डे' टेटमध्ये आहे. 'रेल्वे स्टेशन' लंडनजवळच्या रॉयल हॉलोवे कॉलेजात. औषधी गोळ्यांवर श्रीमंत झालेल्या थॉमस हॉलोवे यांनी मुलींचं हे कॉलेज काढलं आणि त्यासाठी १८८३ साली दोन हजार पौंडांना हे चित्र घेतलं. रॅम्सगेटचा किनारा राजघराण्याच्या संग्रहात. आणि श्रीमंतीची शर्यत बडोद्याला.

बघताना घाई करू नका. संगणकावर बघत असाल तर चित्र मोठं करा आणि एका कोपऱ्यातून सुरू करा. प्रत्येक माणूस कोणाकडे बघतो आहे ते शोधा. फ्रिथच्या गर्दीत नजरा एकमेकींना क्वचितच भेटतात. शेतकरी दाण्याकडे बघतो आणि बायको शेतकऱ्याकडे, पोर खाण्याकडे आणि बाप पोराकडे.